साठीची बुद्धी, चाळिशीची तरतूद

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकांच्या शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. २०१४ पासून हा दाखला घरबसल्या डिजिटल पद्धतीने देण्याची सोय झाली असली, तरी अनेक ज्येष्ठ ग्राहक आजही शाखेत स्वतः येणे पसंत करतात. कामाबरोबर चार ओळखीचे चेहरे भेटतात, विचारपूस होते. या वार्षिक भेटीत एक गोष्ट मात्र काउंटरपलीकडील कर्मचाऱ्याच्या नजरेस पडते, जी कित्येकदा घरच्यांच्याही ध्यानात आलेली नसते. दररोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल जाणवत नाही. वर्षातून एकदा पाहणाऱ्याला तो एकदम जाणवतो.

बहुतेक शाखांना एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांची ओळख असते. पासबुकातील प्रत्येक नोंद पेन्सिलीने खूण करून तपासणारे, व्याजाच्या आकारणीतील दोन रुपयांची तफावत विनयाने पण ठामपणे दाखवून देणारे असे हे गृहस्थ. एका नोव्हेंबरात ते अर्ज स्वतःच्या वळणदार अक्षरात भरतात. पुढच्या नोव्हेंबरात तोच अर्ज हाती घेऊन बराच वेळ बसून राहतात, तारखेच्या रकान्यात जन्मतारीख लिहितात आणि मुदत ठेवीविषयी विचारलेला प्रश्न पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. स्वाक्षरी नमुन्याशी जुळत नाही. सोबत आलेला मुलगा ओशाळून म्हणतो, ‘वय झालं आता बाबांचं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ना, तसंच!’ कर्मचारी समजुतीने हसतो आणि रांग पुढे सरकते.

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने मराठी घरांचे दुहेरी नुकसान केले आहे. ज्याला आजार झाला आहे त्याचा आजार तिच्यामुळे आजार म्हणून ओळखला जात नाही, आणि ज्याला तो अद्याप झालेला नाही त्याला असे वाटते की साठीनंतर जे व्हायचे ते होणारच, त्याला इलाज नाही. या दोन्ही समजुती आजच्या वैद्यकशास्त्राला मान्य नाहीत. वृद्धापकाळासाठी पैशांची तरतूद तरुणपणी सुरू करावी, हे पटवून देण्यात बँकांची अनेक दशके गेली. बुद्धीच्या तरतुदीविषयीही हेच सांगण्याची वेळ आता आली आहे.

वय आणि व्याधी यांतील अंतर

वाढत्या वयात नावे पटकन आठवत नाहीत, चष्मा कोठे ठेवला ते विसरते, हे स्वाभाविक आहे. स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया ही त्याहून निराळी गोष्ट आहे. मुदत ठेवीच्या नूतनीकरणाची तारीख विसरणे हा विसरभोळेपणा. हाती असलेली पावती कशाची आहे हेच न उमगणे, हे व्याधीचे लक्षण असू शकते. स्मरण, भाषा, हिशेब, दिशा आणि निर्णयशक्ती यांचा ऱ्हास होऊन नित्याचे व्यवहार दुसऱ्याच्या आधाराविना करता न येणे, असे या अवस्थेचे स्वरूप आहे. तिची कारणे अनेक असून अल्झायमर हा आजार त्यांतील प्रमुख होय. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णाच्या मेंदूचे निरीक्षण प्रथम मांडले, ती स्त्री रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. म्हणजे या आजाराच्या पहिल्याच नोंदीने ‘साठी’चा दंडक खोटा ठरवला होता.

भारतातील परिस्थिती उपेक्षा करण्याजोगी नाही. देशव्यापी वार्धक्य अभ्यासाच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षे व त्यावरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. खेड्यातील शुद्ध हवा आणि साधे जीवन यांमुळे तेथे हा आजार कमी असावा, ही शहरी कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही. ग्रामीण वृद्ध, आणि त्यातही वृद्ध स्त्रिया, यांच्या वाट्याला शिक्षण फार थोडे आले, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली टाळता वा कमी करता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी दिली. बालपणी व तरुणपणी अपुरे शिक्षण. मध्यम वयातील श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, अपायकारक कोलेस्टेरॉल, स्थूलता, व्यायामाचा अभाव, नैराश्य, धूम्रपान, अतिमद्यपान आणि डोक्याची इजा. आणि उतारवयातील एकाकीपणा, प्रदूषित हवा व उपचार न केलेला दृष्टिदोष. या सर्व जोखमी दूर करता आल्या, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येईल किंवा लांबणीवर टाकता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. तो समस्त लोकसंख्येविषयी आहे; कोणा एका व्यक्तीला दिलेली ती हमी नव्हे. उरलेल्या वाट्यात वय, आनुवंशिकता आणि अद्याप न उलगडलेली कारणे आहेत. आयुष्यभर पथ्याने वागलेल्या व्यक्तीलाही हा आजार होऊ शकतो. म्हणूनच ‘तुम्ही काळजी घेतली नाहीत’ असा दोष रुग्णाच्या वा त्याच्या कुटुंबाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु वरील यादीकडे पुन्हा एकदा पाहावे. चौदांपैकी दहा जोखमी मध्यम वयातील आहेत. गृहकर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे आणि कार्यालयातील बढतीची धावपळ या काळात स्वतःच्या प्रकृतीकडे पाहायला सवड नसते. आणि मेंदूचे भवितव्य मोठ्या प्रमाणावर घडते ते नेमके याच काळात.

रक्तदाबाची वही

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. हा पुरवठा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून होतो. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब व रक्तातील साखर या वाहिन्यांची हानी करतात, आणि या हानीची वेदना होत नाही. दुखत नाही म्हणून तपासले जात नाही, आणि तपासले नाही म्हणून कळत नाही. अमेरिकेत ९,००० हून अधिक व्यक्तींवर झालेल्या आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांचा रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवला होता त्यांच्यात बुद्धीच्या सौम्य क्षीणतेचे प्रमाण कमी आढळले. स्मृतिभ्रंशाबाबत तितका निःसंदिग्ध निष्कर्ष त्या चाचणीतून निघाला नाही. तथापि दिशा पुरेशी स्पष्ट आहे. रक्तदाब किती असावा हे प्रत्येकाच्या डॉक्टरांनी ठरवावे. तो किती आहे हे ठाऊक असणे मात्र प्रत्येक चाळिशीतील व्यक्तीचे कर्तव्य आहे.

आठवड्यातून किमान १५० मिनिटे दमदार चालण्यासारखा व्यायाम आणि दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांसाठीच्या शिफारशी आहेत. पाच ग्रॅम म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. लोणचे, पापड, फरसाण आणि वरून भुरभुरलेले मीठ यांचा हिशेब मांडला, तर ही मर्यादा ओलांडली जात असल्याचे बहुतेकांना दिसून येईल. भाज्या, उसळी, डाळी, भाकरी आणि मूठभर शेंगदाणे हा साधा आहार याबाबतीत पुरेसा उपकारक आहे. त्यासाठी परदेशी तेलाची बाटली आणण्याचे कारण नाही. दुचाकीस्वाराचे हेल्मेटही याच यादीत येते. त्याच्याकडे पोलिसांच्या दंडाच्या भीतीने पाहिले जाते. ते मेंदूचे सर्वांत स्वस्त विमापत्र आहे, असे पाहिले पाहिजे.

कानाची उपेक्षा

चष्मा लावण्यात आज कोणाला कमीपणा वाटत नाही. श्रवणयंत्राविषयी मात्र अजूनही संकोच आहे. ऐकू कमी येणारे आजोबा प्रथम दूरदर्शन संचाचा आवाज वाढवतात, मग लग्नसमारंभात कोपरा धरतात, आणि अखेर ‘त्यांना सांगून काय उपयोग’ असे घर ठरवते. ऐकू येत नाही म्हणून संभाषण थांबते, संभाषण थांबले म्हणून माणसे दुरावतात, आणि मेंदूला मिळणारे रोजचे काम कमी होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सर्व सहभागी व्यक्तींचा एकत्रित विचार करता श्रवणयंत्राचा लाभ दिसला नाही. परंतु ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मुळातच अधिक होता, त्या वृद्धांत श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा बौद्धिक ऱ्हास तीन वर्षांत जवळपास निम्म्या गतीने झाला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून ढकलणाऱ्या कुटुंबांनीही याच दृष्टीने विचार करावा. कान आणि डोळे ही मेंदूची आवक-दारे आहेत. ती बंद झाली की आतला व्यवहार मंदावतो.

बुद्धीची गंगाजळी

बँकिंगच्या परिभाषेत गंगाजळी म्हणजे अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारा राखीव निधी. मेंदूलाही असा राखीव निधी असतो, असे संशोधक मानतात. अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात ६७८ ख्रिस्ती जोगिणींच्या बौद्धिक क्षमतेची नियमित चाचणी घेण्यात आली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंचे परीक्षण झाले. काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या स्पष्ट खुणा आढळल्या. परंतु जिवंतपणी त्यांच्या वागण्याबोलण्यात तो आजार कधी दिसलाच नव्हता. शिक्षण, वाचन, नवे काम आणि सोबत यांतून साठलेल्या क्षमतेने तूट भरून काढली, असा या निष्कर्षाचा अर्थ लावला जातो.

भारतीय वाचकाला अधिक जवळचे उदाहरण हैदराबादचे आहे. तेथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास होऊन २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या रुग्णांमध्ये हा आजार एकभाषकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे आढळले. आणि हे अंतर निरक्षर रुग्णांतही दिसले. पुढील सर्व अभ्यासांतून हाच निष्कर्ष निघाला असे नाही. पण हैदराबाद, इंदूर, बडोदा किंवा बेळगाव येथील मराठी कुटुंबे घरात एक, बाजारात दुसरी आणि कार्यालयात तिसरी भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलत आली आहेत. ही सवय ओझे नसून ठेव असू शकते, हा विचार सुखावणारा आहे. नातवंडांशी मराठीत बोलण्याचा आणि शेजारच्यांची भाषा शिकण्याचा आग्रह धरायला हे एक जादा कारण मिळाले.

शब्दकोडे सोडवणे वाईट नाही. पण वीस वर्षे तेच कोडे त्याच सहजतेने सोडवणाऱ्याच्या गंगाजळीत नवी भर फारशी पडत नाही. पेटी शिकणे, नवी भाषा शिकणे, भजनी मंडळाचा हिशेब ठेवणे, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीची जबाबदारी घेणे, यांत नवेपणाही आहे आणि माणसेही आहेत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ज्याची रोजची तीस-चाळीस संभाषणे एकदम दोनवर येतात, त्याच्या एकाकीपणाचा विचार निवृत्तीपूर्वीच व्हायला हवा. कार्यालयांत निवृत्तीपूर्व मार्गदर्शन वर्ग भरतात; तेथे निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्य निर्वाह निधी यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्यातील एक तास कान, रक्तदाब आणि निवृत्तीनंतरची सोबत यांसाठी राखून ठेवला, तर तो वाया जाणार नाही.

शिक्षणाचा मुद्दा येथे पुन्हा येतो. मुलीला सातवीनंतर शाळेतून काढणारे घर तिच्या आजच्या संधीबरोबर तिच्या सत्तरीतील बुद्धीचीही ठेव मोडत असते. हे नुकसान इतक्या उशिरा उघडकीस येते की त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

उशीर झाला असेल तर?

साठी ओलांडलेल्या वाचकांनी निराश होण्याचे कारण नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयोगटातील १,२६० व्यक्तींवर दोन वर्षे चाललेल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम राबवण्यात आला. ज्यांनी तो पाळला त्यांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी इतरांहून सरस ठरली. यातून दोन बोध मिळतात. सुरुवात केव्हाही करता येते. आणि एकच एक रामबाण उपाय नाही, अनेक लहान सवयींची बेरीज उपयोगी पडते.

रामबाण उपायांचा बाजार मात्र तेजीत आहे. स्मरणशक्तीवर्धक गोळ्या, चूर्णे आणि तेले यांच्या जाहिराती वृद्धांच्या भीतीवर पोसल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी ‘ब’ व ‘ई’ जीवनसत्त्वांच्या जादा मात्रा घेण्याची शिफारस करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘ब-१२’ची सिद्ध झालेली कमतरता ही वेगळी बाब आहे. ती कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही विसराळूपणा वाढतो, आणि योग्य उपचारांनी तो बऱ्याचदा सुधारतो. साध्या रक्ततपासणीने जे कळले असते ते ‘वय झालं’ या दोन शब्दांत गाडले जाते, हे त्या म्हणीचे सर्वांत मोठे पातक होय.

बँकेच्या काउंटरवरून

हिशेबातील गोंधळ हे या आजाराचे प्रारंभीचे लक्षण असू शकते. एकट्या राहणाऱ्या ८०,००० हून अधिक अमेरिकी ज्येष्ठांच्या नोंदींच्या आधारे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानाच्या सहा वर्षे आधीपासूनच देयके थकण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. आयुष्यभर वेळेवर वीजबिल भरणाऱ्या व्यक्तीचे बिल वारंवार थकू लागले, एकच रक्कम दोनदा दिली जाऊ लागली किंवा अनोळखी दूरध्वनीवर ती सहज विश्वास ठेवू लागली, तर रागावण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आर्थिक व्यवस्थाही शहाणपण शाबूत असतानाच लावली पाहिजे. अनेक कुटुंबांचा समज असतो की मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे काळजी मिटली. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की सर्वसाधारणपणे मुखत्याराचा अधिकारही संपुष्टात येतो. गरज पडते नेमक्या त्याच वेळी कागद निरुपयोगी ठरतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. पण नामनिर्देशनाचा उपयोग खातेदाराच्या मृत्यूनंतर होतो, आजारपणात नाही. विश्वासाच्या व्यक्तीसह ‘दोघांपैकी कोणीही किंवा उत्तरजीवी’ अशा पद्धतीचे संयुक्त खाते वेळीच उघडणे हा अनेकांसाठी व्यवहार्य मार्ग ठरतो. हा निर्णय ज्येष्ठांनी स्वतः, समजून-उमजून आणि कोणाच्याही दडपणाविना घ्यावा, म्हणूनच तो वेळीच घ्यावा.

पुढचा नोव्हेंबर येईल. मुख्याध्यापक पुन्हा अर्ज हाती घेऊन बसतील. त्या वेळी काउंटरपलीकडील कर्मचाऱ्याने रांगेकडे न पाहता त्यांना दोन मिनिटे अधिक द्यावीत, आणि मुलाला हळूच सुचवावे की, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. मुलाने वडिलांची रक्ततपासणी, कान आणि डोळे तपासून घ्यावेत. आणि चाळिशी ओलांडलेल्या त्या मुलाने, वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या बसल्या, स्वतःचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला होता हेही आठवून पाहावे. ते आठवत नसेल, तर दोष वयाचा नाही. तपासणी राहून गेली आहे, आणि ती याच आठवड्यात करता येण्यासारखी आहे.